उन्हाळ्यात टिश्यू इंजिनिअरिंगची लॅब: सोलापुरातून अर्ज कुठे, तयारी काय?

बायोटेक_सोलापूर: बी.एस्सी. बायोटेक, दुसरं वर्ष. पुढच्या मे-जूनमध्ये टिश्यू इंजिनिअरिंगच्या (पेशींपासून शरीराच्या ऊती घडवण्याच्या) लॅबमध्ये काम करायचंय. कॉलेजात सेल कल्चरची (लॅबमध्ये पेशी वाढवण्याची) सोय नाही. अर्ज कुठे करू? तोवर इथे काय शिकता येईल?

पेशीमित्र: तिन्ही विज्ञान अकादमींची मिळून जी समर रिसर्च फेलोशिप असते, तिचे अर्ज आदल्या वर्षाच्या अखेरीसच घेतात. मार्चमध्ये शोधाशोध केली तर ती गेलेली असते. शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं, ते दिवाळीआधी मागून ठेव. गांधीनगर, मद्रास, कानपूर आयआयटींचे उन्हाळी कार्यक्रम वेगळे; काही ठिकाणी इंजिनिअरिंगचीच मुलं घेतात, म्हणून पात्रता आधी वाच.

थेट ईमेलसाठी पुणं जवळचं: पेशींसाठी एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र), पॉलिमरसाठी एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा). एका प्राध्यापकाला एकच ईमेल. त्यांचा अलीकडचा एक पेपर वाचून त्यातली नेमकी कोणती पद्धत शिकायचीय ते दोन ओळींत लिही. एका पानाचा बायोडेटा जोड. दहा जणांना एकत्र पाठवलेला ईमेल कुणीच उघडत नाही.

सच्छिद्र: आठ आठवड्यांत स्टेम सेलपासून हाड बनवायचा प्रकल्प मागू नकोस. पेशी हाताळायला शिकण्यातच पहिले दोन आठवडे जातात. स्कॅफोल्ड, म्हणजे पेशी ज्यावर वाढतात तो सच्छिद्र सांगाडा, बनवणं आणि तपासणं एवढं काम त्या वेळात नीट पुरं होतं, आणि त्यातलं निम्मं सोलापुरातही जमेल.

स्कॅफोल्डसाठी २ ग्रॅम कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा पॉलिमर) १०० मिली १ टक्का ॲसेटिक ॲसिडमध्ये रात्रभर ढवळ, गाळ, बुडबुडे जाऊ दे. साच्यात ओतून उणे २० अंशांवर रात्रभर गोठव, मग २४ ते ४८ तास फ्रीझ ड्राय कर (गोठलेलं असतानाच निर्वातात सुकव). हे यंत्र फार्मसी कॉलेजांत असू शकतं, सरांच्या पत्रासह विचार. पुढची पायरी बरेच जण गाळतात: सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने उरलेलं ॲसिड मारायचं आणि पीएच ७ च्या आसपास येईपर्यंत धुवायचं. ती गाळली तर स्कॅफोल्ड पाण्यात विरघळतो, आणि उरलेल्या ॲसिडने पेशी मरतात.

मग फुगण्याची चाचणी. कोरडं वजन घे, ३७ अंशांच्या पीबीएसमध्ये (फॉस्फेटचं खारं बफर द्रावण) ठेव. १, ४, २४ तासांनी ओलं वजन. वजनातली वाढ भागिले कोरडं वजन, गुणिले १००. फिल्टर पेपर नुसता टेकव. दाबलास तर छिद्रांतलं पाणी निघून जातं आणि आकडे घसरतात. दर वेळी किमान तीन तुकडे.

बायोटेक_सोलापूर: परीक्षा मेअखेरीपर्यंत लांबली तर?

पेशीमित्र: ईमेलच्या विषयातच तारखा लिही, "१ जून ते २५ जुलै" अशा. जुलैत कॉलेज सुरू होत असेल तर प्राचार्यांचं ना-हरकत पत्र आधीच घे.

सच्छिद्र: एक राहिलं. तिथे एमटीटी चाचणी (जिवंत पेशी किती ते रंगावरून मोजणारी) करशील तेव्हा पेशी नसलेला स्कॅफोल्डही सोबत लाव. स्कॅफोल्ड स्वतःच रंग शोषतो. शिवाय तयार झालेला फॉर्मझान (जिवंत पेशींनी बनवलेले जांभळे स्फटिक) छिद्रांत अडकतो, म्हणून तो विरघळवणारं डीएमएसओ घातल्यावर प्लेट नीट हलव. नाहीतर जिवंत पेशीही कमी दिसतात.