नोटीस, मैदान आणि आयत्या वेळचे विषय

सेक्रेटरी: सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस तिन्ही विंगच्या बोर्डावर लावली आहे. इथे ग्रुपवरही टाकतोय.

सी-७०४: साहेब, आजपासून मोजलं तर सभा तेराव्या दिवशी येते. सोसायटीच्या उपविधीत नोटिशीसाठी पूर्ण १४ दिवस आहेत.

सेक्रेटरी: हो, चुकलंच. त्याच्या पुढच्या रविवारी घेतो.

बी-१०४: एवढी बोटं मैदानासाठी मोजली असती तर! दूधवाला म्हणाला, मागच्या मैदानावर पार्किंग होणार, महापालिकेच्या महासभेत विषय येतोय. खरंय का?

सी-७०४: दूधवाल्याला बरं कळतं!

बी-६०१ (काका): रिटायर झाल्यावर मी दोन-तीनदा पाचपाखाडीला, ठाणे महापालिकेत जाऊन महासभा ऐकली. सभा लोकांना खुली असते, बहुमताने ठरवलं तरच दारं बंद. पण हातात विषयपत्रिका नसेल तर गॅलरीत बसून डोंबल कळत नाही. 'विषय क्रमांक अमुक, मंजूर, पुढचा घ्या.' जागा कुठली, तिच्यावर आरक्षण कसलं, खर्च किती, सगळं गोषवाऱ्यात, म्हणजे विषयासोबतच्या टिपणात असतं. आणि आयत्या वेळचे विषय तर पत्रिकेतही नसतात.

ए-५०३: प्रशासक होते तेव्हा काय करायचात?

काका: मार्च २०२२ला नगरसेवकांची मुदत संपली, मग महासभेचे अधिकारही प्रशासकांकडेच. गॅलरीत जाऊन ऐकणार कोणाला?

बी-१०४: मग आता काय करायचं काका? नगरसेवकांना फोन करू?

काका: कर की. त्यांच्याकडे पत्रिका येते, गोषवाऱ्यासकट माग. शिवाय माहितीच्या अधिकारात अर्ज टाकू. सभा लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्त बघायला मिळतं का, हे त्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे महापालिकेने आपणहून जाहीर करायचं असतं. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव. एकच विषय, १५० शब्दांत. मैदानाच्या अर्जात खड्डे घुसवू नकोस.

सी-७०४: उत्तराला ३० दिवस. तोवर ठराव होऊन जाईल.

काका: म्हणून तर उद्या सकाळी महापालिकेच्या सचिव कार्यालयात जाऊन पत्रिका बघतो. कोण येतंय?

ए-२०१: बी विंगला पाणी आलं का?

बी-१०४: मी येते काका. साडेदहाला गेटवर.

सी-७०४: सेक्रेटरी साहेब, आपल्या नोटिशीत विषय क्र. ९ काय आहे? 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय'?

सेक्रेटरी: दरवर्षीचा छापील नमुना आहे हो तो. तारीख बदलायचीच आहे, तेही काढतो.