आई ७६ ची, भाऊ घराचं बक्षीसपत्र मागतोय, सही करू द्यायची का?

सांगलीची_लेक:
वडील मागेच गेले, घर आईच्या एकटीच्या नावावर आहे. हल्ली ती तेच तेच विचारते, गॅस चालू राहतो, डॉक्टर म्हणाले डिमेन्शियाची सुरुवात आहे. पण अजून सगळ्यांना ओळखते, पेन्शन किती जमा झाली ते बिनचूक सांगते. भाऊ-वहिनी तिच्याजवळ राहतात, मी पुण्यात नोकरीला. भाऊ म्हणतो घर माझ्या नावावर कर, शेवटपर्यंत मी बघतो, स्टँप फक्त २०० रुपये लागतो. आई तयार आहे. माझा घरावर डोळा नाही हो, पण उद्या त्याने नाही बघितलं तर? आणि पुढे बाई ठेवायची वेळ आली तर आईच्या एफडीतून पैसे कोण काढणार, पॉवर ऑफ अॅटर्नी (आईच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार) करून ठेवली तर चालेल का? वकिलाला नक्की काय विचारायचं तेच कळत नाहीये.

प्रांत_हापिस_रिटायर्ड:
ताई, आधी सही थांबवा. २०० रुपये बरोबर आहे, राहतं घर मुलाला दिलं तर महाराष्ट्रात स्टँप तेवढाच (वर सेस वगैरे काय ते दुय्यम निबंधकाकडे विचारा), म्हणूनच लोक पटकन करून मोकळे होतात. पण एकदा रजिस्टर झालं की घर गेलं, नंतर आईचं मन बदललं म्हणून परत मिळत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे, सांभाळलं नाही तर न्यायाधिकरण बक्षीसपत्र रद्द करू शकतं, पण मेख अशी की सांभाळायच्या अटीवर दिलंय हे दिसावं लागतं. सुप्रीम कोर्टाने २०२२ ला हेच सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या केसमध्ये कोर्टाने आईच्या बाजूने दिलं खरं, पण त्या माउलीकडे मुलाने लिहून दिलेलं वचनपत्र होतं. आमच्याकडे यायची ती म्हातारी माणसं, बहुतेकांकडे तेवढा कागद पण नसायचा. द्यायचंच असेल तर अट बक्षीसपत्रातच लिहा, जेवण, औषधपाणी, देखभालीची बाई आणि आईचा हयातभर त्याच घरात राहायचा हक्क. माझं विचाराल तर मृत्युपत्र करा, ते शुद्धीत असेपर्यंत कधीही बदलता येतं.

बदलापूर_लोकल:
पॉवर ऑफ अॅटर्नीचं राहिलं. आईला व्यवहार कळेनासा झाला की ती पॉवर कायद्याने संपते, काँट्रॅक्ट अॅक्ट कलम २०१. म्हणजे ज्या दिवशी खरी गरज त्याच दिवशी कागद निकामी. मग पालक नेमून घ्यायला हायकोर्ट, आम्ही मावशीसाठी गेलोय, मेडिकल रिपोर्ट, तारखा, आणि तोवर तिच्याच औषधाला तिचेच पैसे मिळेनात. त्यामुळे एफडी आत्ताच जॉइंट करा, तुमचं आणि भावाचं दोघांचंही नाव घाला (पेन्शनच्या खात्याचे नियम वेगळे असतात, ते बँकेत विचारा). मृत्युपत्र करताना त्याच दिवसाचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट घ्या की ती समजून सही करतेय, दोन साक्षीदार असे घ्या ज्यांना त्यातलं काही मिळणार नाही. रजिस्टर करणं सक्तीचं नाही, तरी कराच, डिमेन्शिया लिहिलेली फाइल उद्या कोणीही कोर्टात काढेल. जे करायचं ते लवकर.

धाकटी_सून:
सगळे भावाला चोर ठरवूनच बोलताय. रात्री तीनला उठून कपडे कोण बदलतं? माझ्या सासूबाईंचं मी केलंय, नणंदा फोनवरून सल्ले द्यायच्या. घर मागितलं म्हणजे हाव असेलच असं नाही, उद्या हिस्सा मागायला तुम्ही याल ही भीती पण असते. तुम्ही महिन्याला किती देता ते आधी सांगा.

सांगलीची_लेक:
लागलं, पण खोटं नाही. औषधांचे देते, ठरलेली रक्कम अशी नाही. मृत्युपत्रात घर भावाला असं आईने लिहिलं तर माझी हरकत नाही, हे मी त्याला समोर सांगणार आहे. सांगलीत स्वस्तात वकील कुठे मिळेल?

प्रांत_हापिस_रिटायर्ड:
स्वस्तात कशाला, फुकट मिळेल. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण असतं, बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही, आईच्या नावाने अर्ज करा. फोन १५१००. ज्येष्ठांची हेल्पलाइन वेगळी, १४५६७. पुढे वेळ आलीच तर न्यायाधिकरण म्हणजे प्रांतसाहेबच, ते महिना १०,००० पर्यंत निर्वाह लावू शकतात. आणि हो, ज्येष्ठ नागरिक कायद्यात मुलगा-मुलगी दोघं येतात, त्यामुळे नोटीस एकट्या भावालाच येईल असं धरून चालू नका.