खासगीत पीसीव्हीचे (न्यूमोकोकस जंतूविरुद्धच्या लसीचे) दोन डोस झालेले बाळ उपकेंद्रात आले, तर पुढचा डोस कधी द्यावा?

प्रश्न (आरोग्य सेविका, उपकेंद्र)

मागच्या लसीकरण सत्राला 14 आठवड्यांचे एक बाळ आले. खासगी दवाखान्याच्या फाइलवर 6 व्या आणि 10 व्या आठवड्याला पीसीव्ही दिल्याची नोंद होती. आपल्याकडे ही लस 6 आठवडे, 14 आठवडे आणि 9 महिने अशीच असल्यामुळे, "दोन झालेच आहेत, मग आता नवव्या महिन्यालाच ना?" असे आईने विचारले. मला खात्रीने सांगता आले नाही. पेंटा, पोलिओ व रोटा या लसी देऊन पीसीव्हीसाठी पुढच्या सत्राला बोलावले आहे. हा डोस द्यावा, की पहिल्यापासून मोजावे?

उत्तर 1 (वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र)

पहिल्यापासून मोजू नये. तारखेसह नोंद असलेला डोस ग्राह्य धरावा. मात्र पुढच्या सत्राला पीसीव्ही अवश्य द्यावी. आपल्या वेळापत्रकात प्राथमिक डोस दोनच असतात आणि ते पुरेसे ठरावेत म्हणून त्यांत किमान 8 आठवड्यांचे अंतर ठेवलेले आहे. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सच्या वेळापत्रकात 6, 10 आणि 14 आठवडे असे तीन डोस व 12 ते 15 महिन्यांत बूस्टर असतो. तिथे 4 आठवड्यांचे अंतर चालते, कारण मागून तिसरा डोस येणार असतो. या बाळाचे डोस त्या वेळापत्रकाचे असताना तिसरा गाळणे म्हणजे दोन्हीकडचे अर्धे घेऊन काहीच पूर्ण न करणे. बूस्टर नवव्या महिन्याला द्यावा. खासगीतली लस जंतूच्या 13 प्रकारांची आणि आपली 10 प्रकारांची असली, तरी तीच कंपनी मिळत नसल्यास उपलब्ध लसीने क्रम पूर्ण करता येतो. त्यासाठी थांबून राहू नये.

उत्तर 2 (बालरोगतज्ज्ञ)

वरील मताशी सहमत आहे. एचआयव्हीबाधित बाळांबाबत मात्र प्राथमिक तीन डोस आणि बूस्टर असाच क्रम मी धरतो. "इंग्लंडमध्ये तर 2020 पासून एक डोस आणि एक बूस्टरच आहे," असे काही सुशिक्षित पालक ऐकवतात. तिथे ही लस 2006 पासून सर्व बाळांना मिळत असल्याने समाजातला प्रसारच घटलेला आहे. आपल्याकडे 2017 मध्ये मोजक्या राज्यांत सुरुवात झाली आणि महाराष्ट्रात ती 2021 मध्ये आली. त्यामुळे तिथला हिशेब इथे लावता येणार नाही.

उत्तर 3 (आरोग्य सहायिका)

नवव्या महिन्याला तीन सुया असतात, म्हणून जागा आधीच ठरवून ठेवा: गोवर-रुबेला उजव्या दंडात, एफ-आयपीव्ही (पोलिओची सुई) डाव्या दंडात, पीसीव्ही उजव्या मांडीत. फाइलवरची दोन्ही पीसीव्हींची तारीख आणि लसीचे नाव माता-बाल संरक्षण कार्डावर उतरवून घ्या. बूस्टर झाल्यावर तोही तिथेच लिहून, खासगीत पुन्हा देऊ नये, असे आईला स्पष्ट सांगा.

प्रश्नकर्ती

आभारी आहे. बाळाचे नाव पुढच्या सत्राच्या ड्यू लिस्टमध्ये (लस द्यायच्या बाळांच्या यादीत) घेतले असून आशाताईंना घरी निरोप द्यायला सांगितले आहे.