अमल ३७६ कार्बुरेटरचे बिननंबरी पार्ट कसे ओळखायचे?

खानापूरवाला: मंडळी मदत पाहिजे. आजोबांची बुलेट ३५० बरीच वर्षं गोठ्यात पडून होती, आता कुठं चालू करूलालोय. कार्बुरेटर अमल कंपनीचा, बॉडीवर ३७६ तेवढं वाचता येतंय, पुढचं घासून गेलंय. बिस्किटाच्या डब्यात दोन स्लाइड (रेस दिली की वर सरकतात त्या), एक नीडल (स्लाइडला लटकणारी सुई), एक नीडल जेट (ती सुई ज्या भोकात सरकते तो) आन तीन बारके पितळी जेट (बारीक भोकातनं पेट्रोल सोडणारे) मिळाले, पॉलिश पेपरनं घासून बघितले, एकावरबी नंबर नाही. एक मिस्त्री म्हणाला सगळे सारखेच, टाक कुठलाबी. टाकला, तर गाडी अर्ध्या रेसला काळा धूर सोडूलालीय!

शहापूरकर: आधी जेट पॉलिश पेपरनं घासायचं बंद कर भावा, उरलेसुरले आकडे तसेच जातात. पेट्रोलमध्ये भिजवून टूथब्रश मार आन टॉर्च आडवी धरून भिंगातून बघ.

उद्यमबाग लेथ: नुसतं बघून कळत नाही, मोजायचं. स्लाइडला पुढून जो तिरका काप असतो त्याची उंची व्हर्नियरनं घे, अमलमध्ये तो नंबर इंचाच्या सोळाव्या भागात असतो, म्हणजे ३½ नंबर साधारण ५.५ मिमी, ४ नंबर ६.३ च्या आसपास. पण अर्ध्या रेसला धूर म्हणजे दोष स्लाइडचा कमी, नीडल आन नीडल जेटचा जास्त. १०६ चा नीडल जेट म्हणजे भोक ०.१०६ इंच, जवळपास २.७ मिमी. २.७ च्या ड्रिलची मागची गुळगुळीत दांडी हळूच घालून बघ, धारेची बाजू नको. डुगडुगली तर भोक झिजून लांबट झालंय, मग नंबर शोधण्यात काय अर्थ नाही, नवा घे. आन मेन जेटचा (फुल रेसला पेट्रोल सोडणारा) नंबर म्हणजे मिनिटाला किती सीसी जातं ते, म्हणून नवा नंबरवाला एक जेट आणून दोन्हीतनं एकाच उंचीवरनं पेट्रोल सोड, मिनिटाचं इंजेक्शनच्या सिरिंजनं मोज, फरक लगेच कळतोय. विडी-सिगरेटवाल्यांना जरा लांब ठेव!

खानापूरवाला: दादा, एक स्लाइड ५.५ भरली, दुसरी ६.३. नीडल जेटमध्ये दांडी चांगलीच हलूलालीय. आन एक बारका जेट दोन आटे जाऊन अडकतोय, जोर लावू काय?

उद्यमबाग लेथ: अजिबात नको! मिकार्बचा, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या कार्बुरेटरचा असणार तो, त्याचे आटे मेट्रिक. बॉडीचे आटे गेले की मग माझ्याकडंच येशील. नवा नीडल जेट टाक, नीडलची क्लिप मधल्या खाचेत ठेव, तरीबी धूर आला तर क्लिप एक खाच वर घे, म्हणजे नीडल खाली बसते आन पेट्रोल कमी जातं.

शहापूरकर: आन एअर फिल्टर बघ की रे आधी, गोठ्यातली गाडी म्हणूलालास, आत उंदराचं घरटं निघायचं.

खानापूरवाला: निघालं 😅