मदत हवी आहे : तृतीयपंथी व्यक्तींची मराठीत वाचता येतील अशी आत्मकथने

माझ्या बहिणीच्या लेकीने गेल्या दिवाळीत घरात सांगितले की, आपण मुलगा आहोत आणि यापुढे ‘मी जाते’ नव्हे, ‘मी जातो’ असेच बोलणार. बाकीचे हळूहळू रुळले. पण बहात्तर वर्षांच्या माझ्या आईला हे समजून घ्यायचे आहे, तेही वाचून, आणि ती फक्त मराठी वाचते.

लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ तिने भिंग धरून चार दुपारींत संपवले. राजन गवस यांची ‘भंडारभोग’ ही देवीला वाहिलेल्या, स्त्रीवेशात राहणाऱ्या जोगत्यावरची कादंबरी आणून दिली, तर ती म्हणाली, “ही जोगत्याची गोष्ट, आपल्या पोराची कुठे आहे?” तिचे म्हणणे मला पटले.

म्हणून विचारतो : जन्मतः मुलगी ठरवल्या गेलेल्या, पण पुरुष म्हणून जगणाऱ्या कोणी स्वतः लिहिलेले आत्मकथन मराठीत आहे का? अनुवादही चालेल, मात्र तो मराठी कानाला खरा वाटावा. उदाहरणार्थ, ए. रेवती या तृतीयपंथी स्त्रीचे २०१० मध्ये इंग्रजीत आलेले आत्मकथन मूळ तमिळमधले, आणि तमिळमध्ये ‘मी’चे क्रियापद लिंगानुसार बदलत नाही, मराठीत मात्र पहिल्याच वाक्याला ‘गेलो’ की ‘गेले’ हे ठरवावे लागते. हा पेच चांगला सोडवलेला अनुवाद कोणी वाचला असल्यास जरूर कळवावे. अक्षर मोठे असेल तर आईचे भिंगही सुटेल.