१४ खालची पोरं रेफरीला उलटं बोलतात, कार्ड काढायचं की सोडून द्यायचं?

पेठेतला_रेफ्री:
भावांनो, कोल्हापुरात शाळांच्या मॅचेसला रेफरी म्हणून उभा राहतोय, यंदाच सुरुवात केलीय. फुटबॉलचे नियम पाठ आहेत, पळायला दम पण आहे, अडचण वेगळीच. १४ खालच्या मॅचला लाईनला कोण नसतं, ऑफसाईड पण मीच बघायचं आणि फाऊल पण मीच. परवा ऑफसाईड दिला तर एक स्ट्रायकर, असेल सातवी-आठवीतला, हात झाडत तरातरा अंगावर आला आणि म्हणतोय "ओ सर, डोळं हायत न्हवं?" सगळी टीम हसायला लागली, आणि बाहेरून त्यांचा कोच ओरडतोय "बरोबर बोलतंय पोरगं!" मी सक्त ताकीद देऊन सोडलं, पण मग शिट्टी वाजली की दरवेळी चार-पाच पोरं गोळा व्हायला लागली. एवढ्या लहान पोराला पिवळं (ताकीदीचं कार्ड) काढलं की घरचे म्हणणार बारक्या पोरावर मर्दुमकी दाखवतोय, आणि नाही काढलं तर मैदान हातातून जातंय. तुम्ही लोक कसं हँडल करता?

जुनीशिट्टी:
लेका, पहिली गोष्ट, शिवी कुणाला आहे ते बघायचं. आपल्याकडं पोरगं गोल चुकलं तर स्वतःलाच शिवी घालतं, तिकडं कान बंद ठेवायचे, फार तर "तोंड सांभाळ रे" म्हणून पुढं पळायचं. निर्णयावर चिडून एक वाक्य तोंडातून गेलं तर ते पण चालतं, तेरा वर्षांचं पोरगं आहे, जिंकायला आलंय. पण ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललं, हात झाडत तुझ्याकडं चालत आलं, किंवा तेच तेच परत बोललं की तो डिसेंट, आणि नियम १२ मध्ये शब्दानं किंवा कृतीनं नाराजी दाखवली तर पिवळं असं स्वच्छ लिहिलंय, वयाची सूट कुठंच नाही. तुझं ते डोळ्याचं प्रकरण माझ्या मते सरळ पिवळं होतं. अपमान किंवा घाण शिवी तुला, नायतर समोरच्या पोराला, तर लाल, म्हणजे मॅचमधून बाहेर.

आता कार्ड काढायची पण पद्धत असते. पोराला घोळक्यातून बाजूला बोलव, त्याच्या नाकासमोर कार्ड नाचवू नकोस, दोन हात लांब उभा राहा, आवाज खाली. "तू चांगला खेळतोयस, निर्णय झालाय, आता पुढचं बोललास तर बाहेर", एवढंच. तिथं ऑफसाईड का दिला ते समजावत बसलास की संपलं, वाद सुरू. आणि टॉसच्या वेळी दोन्ही कॅप्टनना आधीच सांगून ठेव की विचारायचं असेल तर कॅप्टन येईल, बाकी कुणी आलं तर कार्ड. २०२४ च्या युरोमध्ये मोठ्या टीमांना हेच केलं होतं, फक्त कॅप्टननं रेफरीशी बोलायचं, पोरांनी टीव्हीवर बघितलेलं असतं, लगेच पटतं.

अजून एक, बडबड बऱ्याचदा रेफरी लांब असतो तेव्हाच होते. ४० मीटरवरून शिट्टी मारलीस तर निर्णय कितीही बरोबर असूदे, कुणाला पटत नाही. जवळ पोच.

एकेकाळचा_विंगर:
सगळं ठीक आहे पण रेफरीच चुकला तर? आमच्या वेळी एका मॅचला बॉल सरळ लाईनच्या आत होता आणि गोल दिला नाही, आम्ही काय टाळ्या वाजवायच्या? पोरांनी तोंड उघडायचंच नाही हे मला तरी पटत नाही. शाळेत गप्प, घरात गप्प, आता ग्राउंडवर पण गप्प.

जुनीशिट्टी:
@एकेकाळचा_विंगर गप्प बसा कोण म्हणतंय, कॅप्टननं येऊन विचारावं ना. खेळ परत सुरू व्हायच्या आत रेफरीला आपला निर्णय बदलता येतो, नियमातच आहे. पण आठ पोरांनी घेराव घातल्यावर कुठलाच रेफरी बदलणार नाही, बदलला तर पुढच्या वेळी सोळा जण येतील. (तो गोल मात्र द्यायला पाहिजे होता.)

अलिबागचा_पंच:
मी कबड्डीचा पंच, रायगडातल्या मातीवरच्या स्पर्धा आणि शालेय सामने दोन्ही करतो, तर आमच्याकडचं सांगतो. कबड्डीत बोलणं तर दर चढाईला होतं. चढाईवाला परत आला की हात वर करून टच मागतो, पकडवाले म्हणतात लागलाच नाही, हा खेळाचाच भाग आहे, त्याला उद्धटपणा म्हणायचं नाही. पण पंचाकडे बोट रोखून निर्णय मागितला तर तो फाऊल, आणि सारखी हुज्जत घालणं पण फाऊल. हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे २ मिनिटं बाहेर आणि तेवढा वेळ बदली खेळाडू मिळत नाही, लाल म्हणजे त्या सामन्यातून गेला. किशोर गटात (१६ वर्षांखालची पोरं) मला हिरव्याच्या पुढे फार कमी वेळा जावं लागतं, कारण २ मिनिटं संघ एकानं कमी खेळला आणि तेवढ्यात लोण बसला (अख्खा संघ बाद झाला) ना, की त्याचे साथीदारच त्याला झापतात. आपल्याला काही बोलावंच लागत नाही. फुटबॉलमध्ये पिवळं दाखवल्यावर पोरगं तिथंच खेळत राहतं, त्यामुळे तुमचं कार्ड थोडं बिनधारेचं वाटतं मला.

लेस्टरकर_आई:
@अलिबागचा_पंच दादा, अगदी हेच इथे इंग्लंडमध्ये केलंय! २०१९-२० च्या सीझनपासून गल्लीपातळीच्या फुटबॉलला सिन बिन आहे, रेफरीशी हुज्जत घातली तर पिवळं आणि १० मिनिटं बाहेर, लहान मॅच असेल तर ८. माझा मुलगा एकदा गेलाय, बाहेर थंडीत उभं राहून टीमला गोल खाताना बघितलं, घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही, मला तर शांतता आवडली 😄

पण इथे मोठा प्रॉब्लेम मुलांचा नाही, पालकांचाच आहे. रेफरीसुद्धा मुलंच असतात हो, १४ व्या वर्षापासून कोर्स करता येतो, आणि त्या मुलावर चाळिशीचे बाप ओरडत असतात. म्हणून बऱ्याच ठिकाणी १८ खालच्या रेफरीच्या दंडाला वेगळ्या रंगाची पट्टी असते, लोकांना दिसावं की हे पण कुणाचं तरी लेकरू आहे. पालकांना मैदानाच्या एका बाजूला दोरी बांधून मागे ठेवतात. तुमच्या त्या कोचचं काय केलंत? मूळ तिथे आहे असं वाटतं.

आझाद_मैदान:
क्रिकेटवाल्यांची हजेरी. २०१७ पासून नियम ४२ आहे, अंपायरच्या निर्णयावर नाराजी दाखवली तर पहिल्यांदा वॉर्निंग, त्याच मॅचमध्ये त्या टीमकडून परत असं काही झालं तर ५ पेनल्टी रन. शाळेच्या मॅचला ५ रन गेले की कोच स्वतःच पोराचा कान पकडतो. बाकी चालू द्या.

पेठेतला_रेफ्री:
सगळ्यांना थँक्यू. @लेस्टरकर_आई ताई, कोचला काहीच केलं नाही, वयानं डबल आहेत, मी त्यांना काका म्हणतो. त्यांना कार्ड दाखवायचं म्हणजे जरा जडच जातंय. आणि बाकावरून आवाज येतो तेव्हा नेमकं कोण बोललं ते कळत पण नाही.

जुनीशिट्टी:
काका मॅच संपल्यावर. २०१९ पासून कोचला, मॅनेजरला पण पिवळं-लाल दाखवता येतं, आणि बाकावरून कोण बोललं ते कळलं नाही तर कार्ड तिथल्या सगळ्यात सीनियर कोचच्या नावावर पडतं. हे मॅचच्या आधी चहा पिताना हसत हसत सांगून टाक, बाकावर कोण आवाज करतंय ते मग तेच बघतील. पोरापेक्षा आधी त्यांना आवर, कोच गप्प झाला की अर्धी पोरं आपोआप गप्प होतात.

अलिबागचा_पंच:
आणि लाल दिलं की अहवाल लिहावा लागतो, तिथे "गैरवर्तन केले" असं मोघम लिहू नकोस. कितव्या मिनिटाला, कितव्या नंबरचा, काय बोलला, ते शब्द जसेच्या तसे, शिवी असेल तर शिवीसकट. त्याच दिवशी लिही. दोन दिवसांनी शाळेतून फोन येतो की आमचा मुलगा असं बोलणारच नाही, तेव्हा तो कागदच कामाला येतो.