मदत हवी आहे : पांझरेचं वळण आणि फडाचे बंधारे

नमस्कार मंडळी. पोरीच्या शाळेसाठी पांझरेचा नकाशा काढायला घेतलाय. पिंपळनेरकडच्या डोंगरातून निघून नदी पूर्वेला धुळ्याकडे येते, वाटेत साक्रीची कान नदी मिळते, इथवर ठीक. पण पुढे उत्तरेला वळून ती मुडावदला तापीत का जाते? शेतांतून भिंतीसारखे उभे असलेले काळ्या दगडाचे डाईक त्याला कारण आहेत का? भूगोलवाल्यांनो, सांगा.

दुसरं, फडाचे बंधारे. नदीला आडवी दगडी भिंत, तिथून पाट, एका फडात, म्हणजे शेतांच्या एका गटात, सगळ्यांचं एकच पीक, पाणी द्यायला पाटकरी. अक्कलपाडा धरणाच्या खाली यातले कुठले अजून चालू आहेत? गाव आणि पाट कोणत्या काठाने निघतो, एवढं कळलं तरी पुरे. फोटो असेल तर टाकाच. गुगलवर नुसती मातकट रेघ दिसते.